चेतापेशी ते वर्तन: कारण कसे ओळखतात?

बालपणी ताण सोसलेल्यांना मोठेपणी चिंतेचा धोका अधिक असतो. पण ताणाने मेंदूत एकाच वेळी अनेक बदल होतात. त्यांतला कोणता बदल कारणीभूत आहे, हे निव्वळ निरीक्षणातून कळत नाही. त्यासाठी एकच घटक बदलून पाहावा लागतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाचा असा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांच्या अग्रमस्तिष्कातील उत्तेजक चेतापेशींत जनुकीय तंत्राने कृत्रिम ग्राही, म्हणजे संकेत स्वीकारणारे प्रथिन, तयार केले होते. ठरावीक रसायन दिले की याच पेशी अधिक सक्रिय होतात. थोडक्यात, हा एक स्विच झाला.

पिल्ले २ ते १४ दिवसांची असताना हा स्विच रोज चालू केला. प्रौढपणी त्यांच्यात चिंतेसारखे आणि हताशपणासारखे वर्तन वाढलेले आढळले. किशोर किंवा प्रौढ वयात तीच क्रिया केल्यास हा परिणाम दिसला नाही.

पेशी त्याच, संकेत तोच. फरक फक्त वेळेचा. चेतापेशींच्या जोडण्या घडत असतात तो काळ म्हणूनच नाजूक मानतात.

मात्र 'चिंतेसारखे' हा शब्द नीट वाचा. उंदराचे वर्तन मोजता येते, त्याची भावना नाही.