टाकी भरलेली, तरी दिवा पेटलेला

मोटारीच्या डॅशबोर्डावर हल्ली जे नानाविध दिवे असतात, त्यांपैकी कूलंट कमी झाल्याची सूचना देणारा दिवा फार बदनाम झाला आहे. बॉनेट उघडून पाहावे तो टाकी भरलेली, आणि आत दिवा मात्र तसाच पेटलेला! असे दोनतीनदा घडले, की घरातील मंडळी त्याला ‘खोटा’ ठरवून मोकळी होतात. आमच्या मते हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. दिवा खोटा असू शकतो, यात शंका नाही. परंतु त्याला तसे ठरवण्यापूर्वी त्याची रीतसर उलटतपासणी व्हावयास हवी, आणि तिचा बराचसा भाग कोणत्याही गृहस्थाला घरच्या घरी करता येण्याजोगा आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. कूलंटची पातळी सांगणारा दिवा निराळा व इंजिन तापल्याचे सांगणारा निराळा. कित्येक लहान गाड्यांत पहिला नसतोच. दुसरा पेटला, तर तपास करीत बसू नये. गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. ‘पण काटा तर मधोमध आहे,’ असे म्हणून पातळीच्या दिव्याकडे दुर्लक्ष करणारेही भेटतात. त्यांनी हे जाणावे, की तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट मोजतो. कूलंट निघून गेले, तर तो कोरडा पडतो व इंजिन जळत असतानाही काटा भलतेच सांगू शकतो.

दिवा लागताच टाकीचे झाकण उघडण्याची घाई मात्र प्राणावर बेतू शकते. ही यंत्रणा दाबाखाली चालते. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार अधिक दाब असला, म्हणजे साधे पाणीदेखील १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. झाकण सैल होताच तो दाब सुटतो आणि उकळता फवारा तोंडावर व हातांवर येतो. काही तास थांबून इंजिन पुरते निवल्यावरच, झाकणावर जाड फडके ठेवून ते सावकाश फिरवावे. पातळी तर बहुतेक टाक्यांत बाहेरूनच दिसते. ती पाहण्यास झाकण उघडण्याचे कारण नाही.

आता उलटतपासणीकडे वळू. सकाळी, गाडी सपाट जागी उभी असता, टाकीवर कूलंटच्या पातळीशी कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा. आठवडाभर रोज त्याच जागी, त्याच वेळी, गार इंजिनावर पातळी पाहावी. पातळी पट्टीखाली उतरत असेल, तर दिवा खरा आहे, गळती शोधावी. रबरी नळीचे तोंड, वॉटर पंप, रेडिएटरचे सांधे, दाब न धरणारे झाकण ही तिची नेहमीची स्थाने. बाहेर कोठेच ओल नाही आणि पातळी तर उतरते, शिवाय इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले किंवा धुराड्यातून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा व गाडी चालवू नये.

केवळ सकाळी लागून थोड्या वेळाने विझणारा दिवा लोकांस विशेष खोटा वाटतो. वस्तुतः कूलंट तापले की प्रसरण पावते आणि गार झाले की आकसते. पातळी अगदी किमान रेषेच्या काठावर असेल, तर रात्री ती सेन्सरच्या खाली जाते व गाडी तापल्यावर पुन्हा वर येते. दुपारी बॉनेट उघडणाऱ्यास टाकी ठीक दिसते, एवढेच! घाटातही असाच प्रकार घडतो. साखळीहून चोर्ला घाट चढून बेळगावकडे येताना टाकीतील द्रव एका बाजूस कलतो. पातळी बेताची असेल तर चढावर दिवा लागतो आणि सपाटीवर विझतो. अशा दिव्याला आम्ही खोटा म्हणणार नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या गाडीत हेच घडत होते. एका मिस्त्रीने सेन्सरची वायर अशी जोडून दिली, की दिवा पुन्हा लागूच नये. चार महिन्यांनी, मुलाबाळांसह घाट चढत असता, जुनी नळी फाटली. इंजिन अडखळून बंद पडेपर्यंत कोणासही पत्ता लागला नाही. हेड वाकले होते. दुरुस्तीस जो पैसा लागला तो थोरल्या मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी ठेवलेला होता.

आठ दिवस पातळी रेषेवर स्थिर राहिली व तरीही दिवा लागत असेल, तर मात्र सेन्सरकडे वळावे. फोक्सवॅगन व स्कोडा यांच्या पुष्कळ गाड्यांत टाकीमध्ये धातूच्या दोन बारीक कांड्या असतात. कूलंटमधून वीज वाहते. दोन्ही कांड्या बुडालेल्या असल्या, की मंडल पुरे होते व दिवा शांत राहतो. कांड्यांवर क्षार किंवा गाळ साचला, की टाकी भरलेली असूनही वीज अडते. निव्वळ डिस्टिल्ड वॉटर भरत राहिल्यानेही असेच होते, कारण त्यातून वीज जेमतेमच वाहते. नळाचे जड पाणी वापरावे, तर क्षारांचा थर! यास्तव गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे कूलंट, सांगितलेल्या प्रमाणातच भरावे. केवळ रंग जुळला म्हणून दोन जाती एकत्र करू नयेत. त्यांचा चिखल होऊ शकतो. टाकी गार असता सोडवून, पांढरे व्हिनेगर व कोमट पाणी आत खळबळून, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुतली असता कांड्या पुष्कळदा पुन्हा कामास लागतात. (गोव्याच्या स्वयंपाकघरांत व्हिनेगरला तोटा नाही, रंगीत मात्र घेऊ नये.) याने भागले नाही, तर बहुधा टाकीच बदलावी लागते, कारण या कांड्या सुट्या मिळत नाहीत.

अन्य गाड्यांत चुंबक बसवलेला तरंगता गोळा असतो. तो गाळाने अडकतो, किंवा जुना झाल्यावर द्रव शोषून बुडतो. टाकीवर बोटाने हलके टिचकावले असता दिवा विझला, तर दोष गोळ्याचाच समजावा. याखेरीज सेन्सरचा प्लग काढून आतील पितळी टोके पाहावीत. त्यांवर हिरवट गंज चढला असेल, तर तो साफ करावा. प्लग काढल्यावर दिव्याने काय करावे, हे मात्र गाडीगणिक बदलते: काहींत तो पेटतो, काहींत विझतो. म्हणून त्यावरून निष्कर्ष काढण्याचे काम मल्टिमीटर बाळगणाऱ्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे सोपवलेले बरे.

या खटपटीत काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. त्यातील इथिलिन ग्लायकोल विषारी असते व चवीस गोड लागते. कुत्रीमांजरी ते चाटतात, लहान मुलेही पिऊ शकतात. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून, गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच ठेवू नये.