फेसाळ पाण्यातला शिकारी

अमेरिकेच्या नकाशात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या टोकाला कोपरात वाकवलेल्या हातासारखी जमीन समुद्रात घुसलेली दिसते. हे केप कॉड. बाहेरच्या अंगाला उघडा अटलांटिक, आतल्या अंगाला निवांत उपसागर. मनगटापाशी दोन्हींमधली जमीन इतकी चिंचोळी, की गाडीने दहा मिनिटांत या पाण्यावरून त्या पाण्यावर जाता येतं. त्यामुळे गरवायचा नाद असलेल्यांना एका शनिवार-रविवारात एकच मासा दोन तऱ्हांनी गाठता येतो: रात्री पुळणीवर उभं राहून, आणि पहाटे कयाकमधून. मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. आजवर गळाला लागलेला सर्वांत मोठा बास २०११ साली कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ मिळाला. त्याचं वजन जवळपास ८२ पौंड, म्हणजे ३७ किलो भरलं.

एवढा मासा कमरेएवढ्या पाण्यात, ऐन लाट फुटते तिथे कशाला येतो? खोल पाण्यात लाट नुसती उचलते आणि बसते. तळ जवळ आला की तिचा खालचा भाग वाळूला अडखळतो, माथा पुढे झेपावतो आणि कोसळतो. त्या कोसळण्यात वाळू उपसली जाते, तिच्यात दडलेले सँड ईलसारखे बारीक मासे उघडे पडतात, आणि वरच्या थव्यांना कुठे तोंड वळवावं तेच कळेनासं होतं. रुंद शेपटीचा, भरीव अंगाचा बास या घुसळणीत सहज तग धरतो, आणि फेसाच्या आडोशामुळे दिसतही नाही. नवशिका माणूस सगळा जोर लावून गळ लाटांच्या पलीकडे फेकतो. मासा पुष्कळदा त्याच्या आणि गळाच्या मधोमध चरत असतो.

म्हणून जाणकार दिवसा, ओहोटीला, रिकाम्या हाताने किनाऱ्यावर फिरून घेतात. वाळूचे दांडे कुठे आहेत आणि त्यांना खिंड कुठे पडली आहे, हे तेव्हाच दिसतं. भरती उतरू लागली की दांड्याच्या आत साठलेलं पाणी त्या खिंडीतूनच बाहेर धावतं, आपल्याबरोबर चिंगळ्या-मासळी ओढत. बास खिंडीच्या कडेला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. जेवण चालत त्याच्याकडे येतं.

आणि हे सगळं काळोखात! माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा जाते, काळ्या पट्ट्यांहून वेगळी. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, आणि पाणी जरासं हललं तरी त्या वाकतात. शेजारून पोहणाऱ्या माशाच्या शेपटीने ढवळलेलं पाणी बासला असं अंगाने कळतं. लाटांच्या एवढ्या गदारोळातून तो नेमकी तीच थरथर कशी वेगळी काढतो, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं.

रविवारी पहाटे कयाक आतल्या उपसागरात सोडायची. बाहेरच्या बाजूला करड्या सीलांची गर्दी वाढली आहे. ते गळाला लागलेला मासा तोंडचा पळवतात, आणि त्यांच्या मागावर मोठे पांढरे शार्क येतात. शार्क उपसागरातही येतात, पण कमी. कयाकमागे लालसर रबरी नळीला किडा लावून संथपणे ओढत नेणं ही इथली आवडती तऱ्हा, आणि वल्ह्याची चाल तिला अगदी जमते. मासा लागला की खरी मजा. पुळणीवर पाय रोवलेले असतात, त्यामुळे माशाची प्रत्येक ओढ रिळावर आणि दोरीवर येते. कयाक मात्र तरंगती. मासा पळाला की ती वळते आणि त्याच्यामागे ओढली जाते. काही मिनिटं कोण कोणाला धरून आहे ते सांगता येत नाही. दोर कमी तुटतो तो यामुळेच. अंगात लाइफ जॅकेट आणि थंडीला रोखणारा पोशाख हवाच. मे महिन्यातलं इथलं पाणी माणसाला लवकर गारठवतं.

या माशाचं वाहत्या पाण्याशी नातं जन्माआधीचं आहे. वसंतात बास समुद्र सोडून नद्यांत शिरतात, बहुतेक चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, आणि गोड्या पाण्यात अंडी सोडतात. अंडी पाण्याहून किंचित जड असतात. दोन-तीन दिवस प्रवाहाने ती तरंगत ठेवली तर पिल्लं बाहेर पडतात. प्रवाह मंदावला तर अंडी तळाच्या गाळात बसून गुदमरतात. रायगडकरांना हे उलटं वाटेल, कारण त्यांचा जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मून गोड्याकडे येतो. १८७९ साली न्यू जर्सीतली सव्वाशेहून थोडी अधिक पिल्लं रेल्वेने खंड ओलांडून कॅलिफोर्नियात सोडली गेली. तिथल्या लांब वाहत्या नद्या त्यांना इतक्या मानवल्या, की दहा वर्षांत बास बाजारात विकायला आला.

बारा पौंडांची मादी साडेआठ लाख अंडी देते, पंचावन्न पौंडांची बेचाळीस लाखांपर्यंत. म्हणून मोठा मासा पाण्यातच राहिलेला बरा. २०२३ पासून किनाऱ्यावर २८ ते ३१ इंचांमधला एकच मासा दिवसाला ठेवता येतो. त्याहून मोठा लागला तर सोडायचा. चेसापीकच्या काठचं मेरीलँड राज्य दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी जाळं ओढून त्या वर्षीची पिल्लं मोजतं. दीर्घकालीन सरासरी एका ओढीला अकराच्या आसपास. २०२३ साली मात्र एका ओढीला सरासरी जेमतेम एक पिल्लू मिळालं. कारण हिवाळा उबदार गेला आणि वसंतात नद्यांना पाणी कमी आलं. मासा २८ इंचांचा व्हायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे २०३० च्या सुमारास केप कॉडच्या पुळणीवर काय गळाला लागेल, याचा अंदाज तिथल्या लोकांनी आजच बांधून ठेवला आहे.