विश्लेषण : जिल्ह्याचे नाव बदलले, ईमेलखालची ‘सही’ कुठे बदलायची?

केंद्र सरकारने 24 फेब्रुवारी 2023 रोजी उस्मानाबाद शहराचे नाव ‘धाराशिव’ करण्यास मंजुरी दिली. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारच्या अधिसूचनेने जिल्ह्याचे आणि तालुक्याचेही नाव बदलले. अशा वेळी पाट्या, शिक्के, लेटरहेड लगेच आठवतात. ईमेलखाली आपोआप जाणारा पत्ता मात्र सहज राहून जातो. तो किती ठिकाणी बदलावा लागेल, हे सही कोणत्या पद्धतीने जोडली आहे यावर ठरते. (येथे सही म्हणजे नाव, पद, पत्त्याचा मजकूर, कागदपत्रांवरची डिजिटल स्वाक्षरी वेगळी.)

तयार सोय कशी चालते?

जीमेल किंवा आउटलुकच्या सेटिंग्जमध्ये सही एकदा लिहून ठेवली की नवा ईमेल उघडताच ती खाली दिसते. वेगळा खर्च नाही आणि पाठवण्याआधी ती दुरुस्तही करता येते. नव्या ईमेलला सविस्तर आणि उत्तराला छोटी, अशा दोन सह्याही ठेवता येतात.

अडचण कुठे येते?

ही सही ज्याच्या त्याच्या खात्यात असते. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शाखा असलेली एखादी पतसंस्था घ्या. प्रत्येक शाखेत पाच जण ईमेल वापरत असतील, तर 40 खाती उघडून बदल करावा लागेल. जीमेलच्या मोबाइल ॲपमधली सही पुन्हा वेगळी. त्यामुळे एकाच कर्मचाऱ्याच्या संगणकावरून ‘धाराशिव’ आणि मोबाइलवरून ‘उस्मानाबाद’ जाऊ शकते. कर्जाच्या नोटिशीवर एक नाव आणि ईमेलखाली दुसरे दिसले, तर फसव्या ईमेलना धास्तावलेला ग्राहक खऱ्या नोटिशीवरही शंका घेईल.

संस्थेची स्वतंत्र व्यवस्था म्हणजे काय?

यात ईमेल बाहेर पडताना सर्व्हरच मजकूर जोडतो. गुगल वर्कस्पेसमध्ये प्रशासक सर्वांसाठी एक तळटीप ठरवू शकतो. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये नियम लावून प्रत्येकाचे नाव आणि पद संस्थेच्या नोंदींतून उचलता येते. पत्ता एका जागी बदलला की मोबाइलवरून गेलेल्या ईमेललाही तो लागू होतो.

याचे तोटेही आहेत. लिहिणाऱ्याला ही सही पाठवण्याआधी दिसत नाही. लांबलेल्या पत्रव्यवहारात ती ताज्या उत्तराखाली न येता अगदी तळाशी जाते. शिवाय नोंदीत पद चुकले असेल, तर ती चूक प्रत्येक ईमेलसोबत जाते.

मधला मार्ग आहे का?

आहे. गुगल वर्कस्पेसमध्ये प्रोग्रामच्या मदतीने सर्वांच्या खात्यांतली तयार सहीच एका ठिकाणाहून बदलता येते. मग ती लिहिताना दिसते, पण कर्मचारी ती पुन्हा बदलू शकतो.

कोणी काय निवडावे?

वकील, दुकानदार, शिक्षक अशा एकट्याने काम करणाऱ्यांना तयार सोय पुरेशी आहे. फक्त मोबाइलमधली सही तपासावी. अनेक शाखांच्या संस्थेने पत्ता आणि कायदेशीर सूचना मध्यवर्ती व्यवस्थेकडे द्यावी, नाव आणि पद कर्मचाऱ्याकडे ठेवावे.

दोन्ही पद्धतींत पत्ता चित्राच्या रूपात टाकू नये. अनेक ठिकाणी ईमेलमधली चित्रे आपोआप उघडत नाहीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला ‘धाराशिव’ समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हे होऊन उमटतो.