उष्णतेलाही दिशा असते

रॉबर्ट मिलिकनने १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, ती वितळलेल्या सोन्याचांदीच्या प्रकाशावर. त्यासाठी अमेरिकी सरकारच्या टांकसाळीतला तप्त रस त्याला पाहायला मिळाला. तापलेल्या पृष्ठभागातून तिरकस बाहेर पडणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने सगळ्या दिशांना सारखी नसतात, एका दिशेला जास्त असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ अरागोने हे आधीच पाहिले होते, मिलिकनने ते काटेकोर मोजले. पुढे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजल्यामुळे त्याचे नाव झाले आणि हा प्रबंध मागे पडला. मला तो फार मोलाचा वाटतो. आज उष्णतेचे ध्रुवण टिपणारे थर्मल कॅमेरे घडवले जात आहेत आणि त्यांच्या मुळाशी तोच नियम आहे.

वितळलेले सोने डोळ्यांना दिसेल असे झळाळते. आपले शरीर, डांबरी रस्ता, समुद्राचे पाणी हेही अखंड किरण सोडतात, पण ते अवरक्त असतात. त्यांची तरंगलांबी साधारण १० मायक्रॉन. थर्मल कॅमेऱ्यातल्या व्हॅनेडियम ऑक्साइडच्या सूक्ष्म पट्ट्या या किरणांनी किंचित तापतात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यातून चित्र तयार होते. मात्र हे चित्र फक्त किरण किती आले एवढेच सांगते. सारख्या तापमानाच्या दोन वस्तू त्यात एकमेकींत मिसळून जातात. अंधारातला चेहरा नुसता पांढुरका गोळा दिसतो.

ध्रुवण पृष्ठभागाच्या उतारावर आणि पदार्थावर अवलंबून असते. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या क्रिस्टन गर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की ध्रुवणाची माहिती जोडली की त्याच चेहऱ्यावर नाकाची कड, ओठ, जबडा उमटू लागतात आणि माणूस ओळखणे सोपे जाते. पाळत ठेवणाऱ्यांच्या हाती हे किती मोठे साधन आहे, या विचाराने मला धास्ती वाटते.

असा कॅमेरा बनवणे मात्र अवघड आहे. मुळात ध्रुवण फार थोडे, पुष्कळदा टक्का-दोन टक्के किंवा त्याहूनही कमी. त्यात कॅमेरा स्वतःच उबदार. ध्रुवण निवडणारी बारीक तारांची जाळी नको असलेले किरण परावर्तित करते, त्यामुळे संवेदकाला समोरच्या दृश्याबरोबर स्वतःचीच ऊबही दिसते. ती वजा करण्यासाठी ज्ञात तापमानाच्या काळ्या पृष्ठभागांसमोर पुन्हा पुन्हा अंशांकन करावे लागते. जाळी फिरवून एकामागून एक चित्रे घेतली, तर तेवढ्यात दृश्य हलते. म्हणून काही ठिकाणी प्रत्येक चित्रबिंदूवर वेगळ्या कोनाची जाळी बसवतात: ०, ४५, ९० आणि १३५ अंश. पण चित्रबिंदू १२ ते १७ मायक्रॉनचा आणि तरंग १० मायक्रॉनचा, म्हणजे किरण शेजारच्या घरात सांडणारच.

याहून मूलभूत अडचण निसर्गानेच घातली आहे. पृष्ठभाग स्वतः सोडतो ते किरण एका दिशेने ध्रुवित असतात, परावर्तित करतो ते त्याच्या काटकोनात. वस्तू आणि भोवताल एकाच तापमानाचे असले, की दोन्ही एकमेकांना पूर्ण पुसून टाकतात. निरभ्र आकाश अवरक्तात थंडगार असते, म्हणून त्याच्याखाली खुणा ठळक होतात. ढग खाली उतरले, हवा दमट झाली, की त्या फिक्या पडतात.

या कॅमेऱ्याचे सर्वांत उपयुक्त काम मला समुद्रावर दिसते. अलाबामातल्या हंट्सव्हिल येथील पोलॅरिस सेन्सर टेक्नॉलॉजीज या कंपनीने 'पिक्सिस' नावाचा ध्रुवणमापक थर्मल कॅमेरा तयार केला आणि पाण्यावरचे तेल ओळखणे हा त्याचा एक प्रमुख उपयोग. रात्री तेल आणि पाणी यांचे तापमान जवळजवळ एक होते, साध्या थर्मल कॅमेऱ्याला तवंग दिसेनासा होतो. पण दोघांचे प्रकाशीय गुणधर्म निराळे, म्हणून ध्रुवणही निराळे.

ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे आदळली आणि तेल समुद्रात पसरले. गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराच्या गुठळ्या येतात त्याही पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात. म्हणजे आपल्याला तेल शोधायचे असते ते नेमके ढगाळ, दमट आकाशाखाली, जिथे ही खूण सर्वांत क्षीण असते. परदेशातल्या स्वच्छ आकाशाखालचे निकाल वाचून असा कॅमेरा विकत घेऊ नये. कोकण किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात, रात्री, भरसमुद्रात त्याच्या चाचण्या घ्याव्यात आणि मगच तो तटरक्षक दलाच्या जहाजांवर चढवावा.