प्लॉट आपला, विंगचं नावही आपणच ठेवायचं

नेरुळच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. त्यांच्या क्लासची वेबसाइट आहे. मुलांचे निकाल वेगळे दाखवायला त्याच नावाआधी 'निकाल' लावून पत्ता हवाय. कुणीतरी त्यांना सांगितलं, नवं डोमेन विकत घ्या, शिवाय नाव जगभर पसरायला ४८ तास लागतील. खरं का?

नवं डोमेन अजिबात नको. आपण पत्ता लिहितो फ्लॅट, विंग, प्लॉट, सेक्टर, नेरुळ, नवी मुंबई असा. टपाल खातं तो खालून वर वाचतं. डीएनएस, म्हणजे नावावरून वेबसाइटचा पत्ता शोधणारी यंत्रणा, तीही नाव उजवीकडून वाचते. सातबारा पाहायला 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' टाकलं, की विचारणा आधी 'इन'कडे जाते, मग 'जीओव्ही'कडे, मग 'महाभूमी'कडे. 'भूलेख' कुठे राहतो, हे सांगायचा हक्क 'महाभूमी'चा. सिडकोनं प्लॉट दिला, तरी विंगला 'ए' म्हणायचं की 'गुलमोहर', हे विचारायला कुणी बेलापूरच्या सिडको भवनात खेटे घालत नाही. तसंच हे.

ही वाटणी होण्याआधी, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडायचं? ऑफिसच्या वेळेत फोन करा! १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं आणि हळूहळू फोन थांबले. 'कॉम', 'एज्यु', 'जीओव्ही' अशी वर्गवारी सुचवण्यात फाइनलर यांच्या गटाचा हात होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्या 'इन'चा सुरुवातीचा कारभार जुहूच्या एनसीएसटीकडे होता. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनसमोर दिसतो तो त्याच सी-डॅकचा कॅम्पस. २००४पर्यंत 'इन'खाली जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली होती. २००५मध्ये दारं खुली झाली.

आता कृती. डोमेन जिथून घेतलं तिथे लॉग-इन करून डीएनएसच्या पानावर जा. सर्व्हरचा आयपी पत्ता हाताशी असेल तर 'ए' रेकॉर्ड. दुसऱ्या सेवेनं नाव दिलं असेल तर 'सीनेम'. नावाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फक्त 'निकाल' एवढंच टाकायचं. पूर्ण पत्ता टाकलात, तर डोमेन त्यामागे पुन्हा चिकटतं आणि भलतंच लांबलचक नाव तयार होतं.

राहिले ते ४८ तास. नाव 'पसरत' वगैरे काही नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, मिळालेलं उत्तर नोंदीत दिलेल्या 'टीटीएल'इतका वेळ लक्षात ठेवतो. टीटीएल ३६०० सेकंद असेल, तर तासभर. जुना पत्ता बदलताना म्हणूनच थांबावं लागतं. नवं नाव कुणाच्या लक्षातच नसतं, त्यामुळे ते बहुधा काही मिनिटांत उघडतं. गंमत पुढेच आहे: नोंद करण्याआधीच उतावीळपणे पत्ता टाकून पाहिलात, तर 'असं नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर काही वेळ लक्षात ठेवतो. वॉचमन एकदा 'इथे असं कुणी राहत नाही' म्हणाला, की पाहुणे येऊन बसले तरी काही वेळ तेच सांगत राहणार!

तेव्हा आधी नोंद, मग तपासणी. आणि निकालांचं पान दुसऱ्या सेवेवर ठेवलं असेल, तर ते बंद कराल त्याच दिवशी रेकॉर्डही पुसा. रिकाम्या खोलीवर तुमची पाटी राहिली, तर तिच्याआड भलताच कुणी येऊन बसू शकतो.