दवाखान्यातून विधान परिषदेत : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज यांवर तासभर बोलतो. पण नळाला गढूळ पाणी येतं, उपकेंद्राला कुलूप असतं, हा विषय निघाला की "ते पुढाऱ्यांचं काम" म्हणून उठतो. म्हणून आज आम्ही एका डॉक्टर बाईंची माहिती सांगणार आहोत.

मुथुलक्ष्मींचा जन्म १८८६ चा, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईचा. आई देवदासी समाजातल्या, वडील कॉलेजचे प्राचार्य. मुलांच्या कॉलेजात मुलगी नको म्हणून लोकांनी विरोध केला, पण तिथल्या राजाने प्रवेश दिला. १९१२ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पुढे बायका-मुलांच्या आजारांचं शिक्षण घ्यायला इंग्लंडलाही गेल्या.

दवाखाना चांगला चालत असताना त्या मद्रास प्रांताच्या विधान परिषदेत का गेल्या? कारण कोवळ्या वयातल्या मुलीचं अवघड बाळंतपण डॉक्टर करू शकते, पण तिच्या लग्नाचं वय औषधाने वाढत नाही. त्याला कायदाच लागतो. १९२७ पासून त्या सभागृहात बसू लागल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या त्या पहिल्या महिला आमदार मानल्या जातात. सभागृहाने त्यांना उपाध्यक्षही केलं. लग्नाचं वय वाढवा, शाळेत मुलांची आरोग्य तपासणी करा, लहान मुलांसाठी वेगळा दवाखाना काढा, अशा मागण्या त्यांनी तिथे लावून धरल्या.

देवदासींबद्दल त्यांनी नेमकी अडचण ओळखली. देवळाची इनाम जमीन सेवेच्या अटीवर मिळायची. सेवा सोडली तर जमीन जाणार, मग खायचं काय? १९२९ च्या कायद्याने ही अट सुटली. जमीन बाईकडे राहिली आणि ती सेवेतून मोकळी झाली. मुली देवाला सोडण्यावर बंदी घालणारं विधेयकही त्यांनी आणलं. पण १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी पद सोडलं. तो बंदीचा कायदा मद्रासमध्ये व्हायला १९४७ साल उजाडलं. आपल्या महाराष्ट्रातही १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानंतर २००५ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला.

पद गेलं, काम थांबलं नाही. निराधार मुलींसाठी त्यांनी 'अव्वई होम' काढलं. बहीण कॅन्सरने गेली होती. १९५४ साली त्यांच्या प्रयत्नांतून अड्यारचं कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं.

मैत्रिणींनो, आपल्याला आमदार व्हायची वाट बघायला नको. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे गटाने मिळून पाण्याचा, उपकेंद्राचा प्रश्न मांडावा. तो इतिवृत्तात लिहून घ्यावा, ठरावाची नक्कल मागावी आणि पुढच्या सभेत "काय झालं?" असं विचारावं. तोंडी तक्रार हवेत विरते, कागदावर आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. एक प्रश्न ठरवा आणि मगच घरी जा.