गाठ, गाव आणि सोबत

अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कर्करोगाचे नाव घरात क्वचितच उच्चारले जाते. 'गाठ निघाली', 'मोठं दुखणं आहे', 'मुंबईला दाखवलंय' अशा शब्दांआड ते झाकले जाते, आणि हे झाकणे मायेपोटीच होत असले तरी त्यातून रुग्णाच्या वाट्याला जे एकटेपण येते त्यावर कोणत्याही रुग्णालयात औषध मिळत नाही. तपासणीचा अहवाल थोरल्या मुलाच्या किंवा जावयाच्या हाती पडतो, डॉक्टरांना दाराबाहेर गाठून 'त्यांना काही सांगू नका' अशी विनवणी केली जाते आणि आजारी माणसाला पोटात सूज असल्याचे सांगितले जाते. त्या माणसाला खरे काय ते बहुधा उमगलेले असते, पण घरच्यांना घोर नको म्हणून तोही गप्प राहतो. उपशामक शुश्रूषा, म्हणजे रोग बरा होवो वा न होवो, रुग्णाच्या वेदना आणि इतर त्रास हलके करण्याचे शास्त्र, या दुहेरी मौनाला उपचारातला मोठा अडथळा मानते. कारण उपचार कुठवर घ्यायचे, शेताचे व मुलीच्या लग्नाचे काय करायचे, अखेरचे दिवस कुठे काढायचे, यांपैकी एकही निर्णय ज्याचा आहे त्याला घेता येत नाही.

भीती, खिन्नता, झोप न लागणे हे मनाचे त्रास आणि बुडालेली मजुरी, प्रवास, कर्ज, लोकांच्या नजरा हे समाजातून येणारे त्रास, या दोहोंत रुग्णाला मिळणाऱ्या मदतीला मनःसामाजिक आधार म्हणतात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. शरीराचे, मनाचे, कुटुंबाचे आणि श्रद्धेचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते, आणि एकाकडे दुर्लक्ष झाले तर दुसरे बळावते, हा तिचा गाभा. मनाचा त्रास मोजण्यासाठी तापमापीसारखे चित्र असलेली एक साधी ताणमापी वापरतात, जिच्यावर रुग्ण शून्य ते दहा यांपैकी एका आकड्यावर बोट ठेवतो, आणि हा आकडा चार किंवा त्याहून अधिक असेल तर सविस्तर विचारपूस करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

या जिल्ह्यात ही विचारपूस अंतरापाशी अडते. उपचारांसाठी अनेकांना जिल्ह्याबाहेर, कोणाला बार्शीला, कोणाला पुण्याला, तर कोणाला परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागते, आणि किरणोपचार, ज्यांना बोलीत 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात, ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस असे कित्येक आठवडे चालतात. तेवढे दिवस सोबतीला थांबणाऱ्या माणसाचीही मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उपचारांच्या खर्चाचा मोठा भार उचलला आहे, रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा गरीब रुग्णांना आसरा देते; तरीही घरापासून दूर, अनोळखी बोलीच्या गर्दीत, कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेल्या बाईच्या मनात काय चालले आहे हे विचारणे कोणत्याच योजनेत बसत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत तर रुग्ण म्हाताऱ्यांपाशी गावीच राहतो, आणि गाडी निघते तेव्हा पुढच्या खेपेला सोबत कोण, या प्रश्नाला उत्तर नसते.

गावात राहिलेल्या रुग्णाची अडचण निराळी. कर्करोग हा संसर्गाने पसरणारा आजार नाही, तरीही काही घरांत ताटवाटी वेगळी होते आणि लेकरांना जवळ जाऊ दिले जात नाही. मिश्री लावणाऱ्या बाईला तोंडाचा कर्करोग झाला की 'तिनेच ओढवून घेतलं' असे बोल ऐकावे लागतात, आणि स्तन काढावा लागलेली स्त्री हळदीकुंकवाला जाणे आपणहून सोडते. हे वागणे अज्ञानातून येते हे खरे असले, तरी ज्याला ते सोसावे लागते त्याच्यासाठी ती शिक्षाच असते.

यावरचा मार्ग या जिल्ह्याला नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा कुष्ठरोग्याच्या वाट्याला याहून कठोर बहिष्कार होता. प्रकल्पाने गावातल्याच स्त्रियांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर व दलित, आरोग्यसेविका म्हणून शिकवले, आणि त्यांनी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर न घालवता गावातच उपचार व माणसांत जागा मिळवून दिली. जामखेडच्या दक्षिणेला बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालते. तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी कर्करोगाविषयी बोलणे ठेवले आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात तपासणीला येऊ लागल्या. केरळने २००८ साली उपशामक शुश्रूषेचे शासकीय धोरण स्वीकारले, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधीच उभ्या केलेल्या कामाच्या आधारावर. बाहेरून आलेला तज्ज्ञ सल्ला देऊन परततो, परंतु ओळखीच्या माणसाजवळच रुग्ण मन मोकळे करतो, हे या तिन्ही ठिकाणी दिसून आले.

म्हणून आशा सेविकांना ताणमापी वापरण्याचे आणि रुग्ण बोलू लागला की मध्ये न तोडता ऐकण्याचे शिक्षण मिळायला हवे, महिला बचत गटांनी सोबतीला जाणाऱ्यांची पाळी लावायला हवी, आणि खरे सांगायचे की नाही हे घरच्यांनी ठरवण्याआधी रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारले जायला हवे. ज्यांच्या शेजारी असा रुग्ण आहे त्यांनी काढा-पाल्याचे उपाय न सुचवता एकदा जाऊन बसावे, त्याच्या घरचा चहा घ्यावा, आणि उपचाराच्या पुढच्या खेपेला सोबत कोण जाणार आहे, एवढे विचारावे.